मुंग्यांच्या वाटेने कुमानोला

ओसाकाला नोकरीत असलेल्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी दिवाळीचे डबे घासून पालथे घालत होते. "मामी, आईला घेऊन इकडे ये. तुम्हा दोघींना एक वारी घडवतो," तो म्हणाला. मला वाटलं, क्योतोची देवळं दाखवणार असेल. तर म्हणाला, "देवळं आहेतच, पण चालत जायचं. डोंगरातून. रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यात पाय शेकायचे."

त्याची आई म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्या वन्सं. बावीस वर्षं त्या माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेल्या. दिवेघाट त्यांना जिन्यासारखा वाटायचा. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डावी बाजू काढावी लागली, आणि तेव्हापासून हे सगळं थांबलं. तब्येत सुधारली, पण लग्नकार्याला जाणं नाही, कुणाकडे राहायला जाणं नाही. एकदा मी घरी गेले तर कपाटाच्या आरशावर चादर टाकलेली. "धूळ बसते," म्हणाल्या. (हे सगळं त्यांना विचारून लिहिते आहे. "लिही, फक्त माझं वजन लिहू नकोस," एवढीच त्यांची अट आहे.)

डॉक्टरांनी परवानगी दिली. डाव्या हातावर ओझं नको आणि फार गरम पाण्यात फार वेळ बसू नका, एवढीच दोन पथ्यं. नोव्हेंबरच्या मध्यावर मी अठ्ठावन्न वर्षांची आणि वन्सं त्रेसष्ट वर्षांच्या, अशा आम्ही दोघी ओसाकाला उतरलो. भाच्याला रजा नव्हती. त्याने खोल्या ठरवल्या, बसची वेळापत्रकं लिहून दिली आणि एक चिठ्ठी जपानी भाषेत लिहून दिली: "या दोघी मांस, मासे व माशाचं पाणी खात नाहीत." ही चिठ्ठी नसती तर आम्ही उपाशीच राहिलो असतो, कारण जपानी स्वयंपाकात वरणाला फोडणी तसं प्रत्येक रश्शाला वाळवलेल्या माशाचं पाणी लागतं.

ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेला जो डोंगराळ भाग नकाशात दिसतो, ते की द्वीपकल्प. त्याच्या पोटात कुमानो. क्योतो आणि नारा या जुन्या राजधान्यांच्या लोकांना हा मुलूख म्हणजे जगाचं टोक वाटे. दाट रान, भरपूर पाऊस, धुकं. मेलेल्यांचे आत्मे इथेच येतात अशी समजूत. अशा ठिकाणी जिवंतपणी जाऊन परत यायचं म्हणजे जुनी कात टाकून नवा जन्म घ्यायचा, ही या यात्रेमागची कल्पना. होंगु, हायातामा आणि नाची ही इथली तीन मोठी देवस्थानं, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटा म्हणजे कुमानो कोडो. कोडो म्हणजे जुनी वाट.

अकराव्या-बाराव्या शतकात गादी सोडलेले सम्राट लवाजम्यासह या वाटेने येत. क्योतोहून जाऊन-येऊन महिनाभर लागे. वाटेत थंडगार नद्यांत आणि समुद्रात अंघोळी करून शुद्ध व्हायचं आणि पुढे निघायचं. गो-शिराकावा नावाच्या सम्राटाने तिसावर वाऱ्या केल्या. पुढे सामान्य माणसं येऊ लागली आणि इतकी येऊ लागली, की जपानी भाषेत 'मुंग्यांची कुमानो-यात्रा' असा वाक्प्रचारच पडला. हे भाच्याने सांगितलं तेव्हा वन्सं पहिल्यांदा खुलल्या. "म्हणजे आपल्यासारखीच की रे रांग!"

२००४ साली युनेस्कोने या वाटा आणि देवस्थानं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. यात्रेच्या वाटेला हा मान त्याआधी मिळाला होता तो स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेला, १९९३ साली. आता दोन्ही वाटा चाललेल्या माणसाला एक वेगळं प्रमाणपत्रही देतात.

ओसाकाहून तानाबे या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत रेल्वेने दोन तासांच्या वर लागतात. डावीकडे संत्र्यांच्या बागा, उजवीकडे समुद्र, त्यामुळे वेळ कळत नाही. तानाबेहून बसने चाळीसेक मिनिटांत ताकिजिरी. नाकाहेची नावाची जी मधली वाट सर्वांत जास्त चालली जाते, ती इथून खऱ्या अर्थाने डोंगरात शिरते. इथून होंगुपर्यंत ३८ किलोमीटर. आमच्या मोठ्या पिशव्या एका गाडीने परस्पर पुढच्या मुक्कामी जाणार होत्या. तशी सोय पैसे भरून होते. पाठीवर फक्त पाणी, छत्री आणि दशम्या.

वाटेवर 'ओजी' नावाची छोटी देवळं लागतात. म्हणायला नव्याण्णव, म्हणजे पुष्कळ. काही ठिकाणी नुसता दगड उरला आहे. प्रत्येक ओजीपाशी पक्ष्याच्या घरासारखी एक लाकडी पेटी असते. आत रबरी शिक्का आणि शाई. आपण आपल्या पुस्तिकेत तो उमटवायचा. वन्संनी पुस्तिका हातात घेतली आणि रेशनकार्ड सांभाळावं तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचली.

पहिलाच चढ असा, की दिवेघाट परवडला. झाडांची मुळं पायऱ्यांसारखी वर आलेली, त्यांतून वाट. थोडं वर गेल्यावर मोठ्या शिळांची एक कपार लागते, तिच्यातून अंग चोरून पलीकडे निघायचं. आईच्या उदरातून बाहेर यावं तसं, आणि बायका यातून गेल्या की बाळंतपण सुखरूप होतं म्हणतात. "आता काय करायचंय ते?" असं म्हणत वन्सं वळसा घालून गेल्या. मी मात्र घुसले आणि अडकले. बाहेर काढायला मागून येणाऱ्या एका तरुण जपानी जोडप्याला माझी पिशवी ओढावी लागली. शेजारीच दुधाचा खडक आहे. एका सरदाराची बायको यात्रेला आली, इथे बाळंत झाली, मूल देवाच्या भरवशावर ठेवून पुढे गेली. परत आली तोवर लांडग्याने बाळ राखलं आणि खडकातून झरणाऱ्या दुधावर ते जगलं, अशी कथा. मला ती ऐकून त्या बाईचा रागच आला, पण देवांच्या कथांत आयांना असं काहीतरी करावंच लागतं.

दर ५०० मीटरवर क्रमांकाचा खांब आहे, त्यामुळे चुकण्याची भीती नाही आणि "किती राहिलं?" असं विचारायचीही सोय नाही. चार किलोमीटरना आम्हाला तीन तास लागले. वर ताकाहारा हे डोंगराच्या खांद्यावरचं छोटं गाव. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, कापणी झालेली, आणि समोर एकामागे एक निळ्या डोंगरांच्या रांगा. देवळाभोवती कापराची प्रचंड जुनी झाडं. सकाळी उठलो तर खालची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. दुधाचं पातेलं उतू जाण्याआधी दिसतं, अगदी तसं. भातखाचरं पाहून वन्सं मला म्हणाल्या, "यांच्याकडे तण कसं नाही गं?" आणि उत्तर मिळेना म्हणून बांधावर बसून शेतच न्याहाळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दहाएक किलोमीटर, बहुतेक सगळं रानातून. पण रान म्हणजे आपल्याकडचं मिसळीचं रान नव्हे. सरळसोट सुगी आणि हिनोकी, म्हणजे सूचिपर्णी झाडं, ओळीत लावलेली. ऊन खाली येत नाही, पक्षी फार बोलत नाहीत. खरं सांगायचं तर दोन तासांनी मला थोडा कंटाळा आला. वन्संना नाही. त्यांचा अभंग सुरू झाला होता, तोंडातल्या तोंडात. दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता, त्यामुळे मागून मुकाट्याने चालत राहिले.

चिकात्सुयु गावाच्या अलीकडच्या खिंडीत एक छोटीशी दगडी मूर्ती आहे. गुडघ्याएवढीसुद्धा नाही. बैल आणि घोडा शेजारी उभे आणि दोघांच्या पाठीवर मिळून बसलेलं एक मूल. दहाव्या शतकातल्या काझान सम्राटाच्या यात्रेची ती आठवण म्हणतात. या काझानने एकोणिसाव्या वर्षी गादी सोडून डोकं मुंडलं होतं. त्याने म्हणे इथे जेवायला बसताना काड्या नव्हत्या म्हणून वेताच्या काटक्या मोडल्या. त्यातून लाल रस आला, तेव्हा त्याने विचारलं, "हे रक्त की दव?" जपानीत 'ची का त्सुयु', आणि तेच गावाचं नाव पडलं. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत काय काय केलं ते सांगणाऱ्या माणसांना ही कथा पटायला काही अडचण नाही.

चिकात्सुयुला एका घरात मुक्काम होता. आजी-आजोबा दोघंच, वरच्या खोल्या यात्रेकरूंना देतात. संध्याकाळी आजींनी हातवारे करून न्हाणीघर दाखवलं. इथे एक गोष्ट वाचकांनी जायच्या आधीच लक्षात ठेवावी. जपानी माणूस टबात अंघोळ करत नाही. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून, खंगाळून, अगदी स्वच्छ होतो आणि मग नुसतं शेकायला टबात बसतो. ते पाणी घरातल्या सगळ्यांचं, पाहुण्यांचंही. एकामागून एक सगळे त्याच पाण्यात बसतात. मी नको तो शहाणपणा केला. अंघोळ झाल्यावर आपल्या घरच्या सवयीने बूच ओढलं. गडगड आवाज ऐकून आजी धावत आल्या. पुन्हा टब भरून तापायला तास लागला आणि आजोबांचं जेवण लांबलं. ते एक शब्द बोलले नाहीत. हसून मान डोलावत होते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

न्हाणीला आतून कडी होती, म्हणून वन्सं निर्धास्त होत्या. "पुढच्या ठिकाणी असंच आहे ना?" त्यांनी विचारलं. मी "हो, असेल," म्हणाले. पुढच्या ठिकाणी तसं नसणार हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्सुगिझाकुरा. इथे देवळासमोर शतकानुशतकं जुने सुगी वृक्ष उभे आहेत. बुंध्याला चारपाच माणसांनी कवळ घालावी एवढे. त्यांच्या फांद्या दक्षिणेकडेच वाढल्या आहेत. नाचीच्या दिशेने हात जोडल्यासारख्या, असं भाविक म्हणतात. ही झाडं उरली ती एका माणसामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने गावोगावची छोटी देवळं मोडून एकत्र करायचा हुकूम काढला. देऊळ गेलं की त्याची राई तोडून विकायला मोकळी. तानाबेत राहणारा मिनाकाता कुमागुसु हा विक्षिप्त, विद्वान निसर्गशास्त्रज्ञ याविरुद्ध उभा राहिला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं वाचत बसलेला, 'नेचर'सारख्या पत्रिकेत लिहिणारा हा माणूस राया वाचवण्यासाठी तुरुंगातसुद्धा जाऊन आला. सगळं काही वाचवता आलं नाही, पण ही झाडं वाचली. आपल्या कोकणातल्या देवरायांची आठवण कुणालाही यावी.

इथून पुढचा टप्पा पंधराएक किलोमीटरचा, खिंडींमागून खिंडी. शिवाय २०११ सालच्या तुफानात दरडी कोसळल्यामुळे एका खिंडीला मोठा वळसा आहे. भाच्याने बजावलं होतं, "तो भाग बसने." वन्संना ते मान्य नव्हतं. "वारीत बस असते का?" अर्धा तास आमची वाटेवरच्या दगडावर बसून हुज्जत झाली. शेवटी त्यांच्या डाव्या हाताला सूज दिसली आणि मी आवाज चढवला. तीस वर्षांत नणंदेपुढे आवाज चढवण्याची माझी पहिलीच वेळ. त्या उठल्या, मुकाट्याने खाली हमरस्त्याला आल्या आणि बसमध्ये माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसल्या.

युनोमिनेला उतरलो तेव्हा उकडलेल्या अंड्यांचा वास सगळीकडे. गंधकाचा. अरुंद घळ, तळातून ओढा, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं आणि ओढ्यातून उठणारी वाफ. जपानमधल्या सर्वांत जुन्या झऱ्यांत याची गणना होते. अठराशे वर्षं म्हणतात. ओढ्याच्या काठाला एक दगडी हौद आहे. त्यातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास. गावकरी त्यात भाज्या उकडतात. जवळच्या दुकानात जाळीच्या पिशवीत अंडी किंवा रताळी मिळतात. ती दोरीने पाण्यात सोडायची आणि कट्ट्यावर गप्पा मारत बसायचं. आम्ही रताळी घेतली. बोलणं बंद असलं तरी रताळं अर्धं करून दिलं की खावंच लागतं.

सरायीतली न्हाणी सामाईक होती. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, पण बायकांच्या न्हाणीत सगळ्या बायका एकत्र आणि अंगावर सूत नाही. पंचाएवढा एक रुमाल मिळतो, तोही पाण्यात बुडवायचा नाही. डोक्यावर घडी करून ठेवायचा. वन्संनी दारातून वाफेतल्या आकृत्या पाहिल्या आणि मागे फिरल्या. "मी खोलीत पुसून घेते अंग. तू जा." मी गेले. लाजेने माझेच पाय उचलत नव्हते. पण आत ऐंशी-पंच्याऐंशीच्या एक आजी स्टुलावर बसून पाठ घासत होत्या. त्यांनी बसल्या जागी वाकून मला नमस्कार केला, मीही केला, आणि मग काय राहिलं? पाणी मात्र असं, की चार दिवसांचे गुडघे विरघळले. वर आले तर वन्सं पाठ करून झोपलेल्या. जाग्या होत्या, हे मला कळत होतं.

सकाळी न्याहारीला त्याच झऱ्याच्या पाण्यात शिजवलेला मऊ भात आला, सोबत खारवलेलं आंबट आलुबुखार. हा वाकायामा प्रांत त्याच्यासाठी जपानभर प्रसिद्ध आहे. मी पिशवीतून मेतकूट काढलं. वन्संनी भातावर घेतलं, तूप नाही म्हणून हळहळल्या आणि दुसऱ्यांदा भात मागितला. म्हणजे राग गेला होता.

त्या दिवशी बसने होश्शिनमोन-ओजीला गेलो. होंगुच्या पवित्र हद्दीचं हे जुनं दार. इथून सात किलोमीटर, बरंचसं उताराचं. चहाचे मळे, घरांपुढे वाळत घातलेले पर्सिमॉन, वाटेकडेला कुणी नसताना मांडलेली संत्री आणि पैसे टाकायचा डबा. निम्म्या वाटेवर फुशिओगामी येतं. 'लोटांगण घालून नमस्कार' असाच त्या नावाचा अर्थ. आठवडेच्या आठवडे चालून आलेल्यांना होंगुचं पहिलं दर्शन इथून होई. आपल्याकडे कळस दिसल्यावर होतं तेच.

तिथे इझुमी शिकिबु या हजार वर्षांपूर्वीच्या कवयित्रीची आठवण सांगतात. ती एवढं चालून इथवर आली आणि नेमकी पाळी आली. आता देवासमोर जाता येणार नाही म्हणून तिने दुरूनच नमस्कार केला आणि आपलं दुःख कवितेत मांडलं. रात्री देवाने स्वप्नात येऊन उत्तर दिलं, की मी स्वतःच जगाच्या धुळीत मिसळलेला, मला तुझं काय विटाळणार, तू ये. कुमानोची ख्याती अशीच होती. बायका, गरीब, आजारी, कुणालाच मज्जाव नव्हता. इथून डोंगरवाटेने काही दिवसांवर कोयासान हे दुसरं महाक्षेत्र आहे, तिथे मात्र सरकारने १८७२ साली हुकूम काढून बंदी उठवेपर्यंत बायकांना पाऊल टाकता येत नव्हतं. (त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला आहे.)

ही गोष्ट मी वन्संना सांगितली. त्यांनी दोनदा विचारलं, "देवच म्हणाला असं?" "देवच." त्या बराच वेळ डोंगरांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आईला कुणीतरी सांगायला हवं होतं हे." त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई. महिन्याचे ते चार दिवस त्या घरात आम्ही दोघींनीही काढले आहेत, त्यामुळे पुढे बोलायची गरज पडली नाही.

होंगु ताइशाला १५८ पायऱ्या. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पताका. वर हिनोकीच्या सालीच्या जाड छपरांची मंदिरं, रंगरंगोटी नाही, सोनं नाही. इथे देवाचं चिन्ह म्हणजे तीन पायांचा कावळा, वाट दाखवणारा. तोच जपानच्या फुटबॉल संघाच्या बिल्ल्यावर आहे. इथले शिंतो देव म्हणजे बुद्ध आणि बोधिसत्त्वांनी जपानी लोकांसाठी घेतलेली रूपं, अशी श्रद्धा अनेक शतकं होती. अवताराची कल्पना आपल्याला नवी नाही. १८६८ साली सरकारने देव आणि बुद्ध यांची वाटणी करायला लावली. पण लोक अजून दोन्हीकडे हात जोडतात.

आज देऊळ आहे ती मूळ जागा नव्हे. मूळ देऊळ खाली नदीच्या संगमावर, ओयुनोहारा नावाच्या वाळवंटात होतं. चंद्रभागेच्या वाळवंटासारखंच. वरच्या डोंगरांवरची झाडं बेसुमार तोडली गेली आणि १८८९ च्या महापुरात बहुतेक इमारती वाहून गेल्या. वाचल्या त्या दोन वर्षांनी टेकडीवर उभारल्या. वाळवंटात आता गवत आहे, जुने दगड आहेत आणि भातशेतांच्या मधोमध उभी ३३.९ मीटर उंचीची तोरी, म्हणजे कमान, २००० साली बांधलेली. कमान मला जरा अंगावर आली. आतली मोकळी जागा मात्र फार आवडली. देऊळ नसलेलं देवाचं अंगण. वन्संनी तिथे चपला काढल्या आणि गवतात अनवाणी फिरल्या.

संध्याकाळी युनोमिनेला परतल्यावर त्यांनीच विचारलं, "ते ओढ्यातलं खोपटं कसलं गं?"

ते त्सुबोयु. ओढ्याच्या पात्रातच, दगडांवर उभी लाकडी खोली. आत खडकातलं एक कुंड, दोन-तीन माणसं मावतील एवढं. जागतिक वारशाच्या यादीतलं, ज्यात उतरून अंघोळ करता येते असं हे कुंड. ओगुरी हांगान नावाचा वीर विषप्रयोगाने मेल्यासारखा झाला, आंधळा, बहिरा, लुळा. वाटेवरच्या लोकांनी पुण्य म्हणून त्याची गाडी गावोगाव ओढत इथवर आणली आणि या पाण्यात तो पुन्हा धडधाकट झाला, अशी लोककथा जपानभर सांगतात. पाणी दिवसातून सात वेळा रंग बदलतं म्हणे. आरक्षण नाही. तिकीट काढायचं, क्रमांकाची पाटी घ्यायची आणि रांगेत बसायचं. आपली पाळी आली की अर्धा तास कुंड फक्त आपलं. दाराला आतून कडी.

"कडी आहे?" वन्सं म्हणाल्या. "मग काढ तिकीट."

आमच्या आधी तीन पाट्या होत्या. दीड तास बाकावर बसलो, थंडी वाजत होती. आत गेलो तर पाणी दुधट निळसर, आणि असं गरम की बोट बुडवून मी ओरडलेच. गार पाण्याचा नळ असतो, तो सोडला, फळीने ढवळलं. मी आधी उतरले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मागे कपड्यांची सळसळ थांबली, मग बराच वेळ काहीच नाही, नुसता ओढ्याचा आवाज. मग पाणी हललं.

"वळ इकडे," त्या म्हणाल्या. "बघून घे एकदा, म्हणजे चोरून बघायला नको."

मी वळले. आडवा, फिकट गुलाबी व्रण, काखेपर्यंत गेलेला. मी बघितलं. काय बोलावं सुचेना, तेव्हा तोंडातून निघालं, "टाके छान घातलेत हो." वन्सं हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बाहेर बाकावर बसलेल्यांना नक्की ऐकू गेलं असणार. डॉक्टरांचं पथ्य आठवून मी दर पाच मिनिटांनी त्यांना काठावर बसवत होते आणि त्या प्रत्येक वेळी "आणखी दोन मिनिटं" म्हणून पुन्हा उतरत होत्या. अर्धा तास संपला तेव्हा त्यांच्या गालांचा रंग टोमॅटोसारखा झाला होता.

अशा ऑपरेशनमधून गेलेल्या बायकांसाठी जपानात न्हाताना घालायचं एक खास वस्त्र मिळतं आणि पुष्कळ ठिकाणी ते घालून सामाईक कुंडात उतरू देतात, हे आम्हाला परत ओसाकाला आल्यावर कळलं. कुणाला उपयोग होईल म्हणून इथे लिहिते.

जवळच कावायु नावाचं दुसरं ठिकाण आहे. तिथे नदीच्या पात्रातच गरम पाणी वर येतं. खोरं घेऊन वाळूत खड्डा करायचा आणि आपलं कुंड आपण खणायचं. हिवाळ्यात पात्र अडवून शेकडो माणसं मावतील असा मोठा हौदच करतात. आम्ही नुसते पाय बुडवून आलो.

शेवटच्या दिवशी बसने नाचीला. होंगुहून नाचीपर्यंत चालत जायची वाट फार कठीण. ८०० मीटरचा एक चढ तर 'कंबरमोड्या' अशाच अर्थाच्या नावाने ओळखला जातो. १२०१ साली सम्राट गो-तोबाबरोबर आलेल्या फुजिवारा तेइका या कवीने पावसातल्या त्या वाटेचे हाल रोजनिशीत लिहून ठेवले आहेत. आम्ही पायथ्याची दाइमोन-झाका तेवढी चढलो. शेवाळलेल्या २६७ दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना आठशे वर्षांचे वृक्ष. वर सेइगांतो-जी हे बौद्ध देऊळ आणि नाचीचं शिंतो देऊळ भिंतीला भिंत लावून. पलीकडे धबधबा, १३३ मीटर, एका सरळ रेषेत. तो धबधबाच इथला देव.

आणि हे देऊळ कुणी स्थापलं? परंपरा सांगते, भारतातून समुद्रात वाहत आलेल्या एका साधूने. त्याला धबधब्याखाली तप करताना कुंडात अवलोकितेश्वराची छोटी मूर्ती सापडली. इतिहास काय म्हणतो ते सोडा, देवळातल्या माणसाने "इंदो?" असं विचारून आमच्याकडे बोट दाखवलं आणि खोल वाकून नमस्कार केला, तेव्हा वन्संनी पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात नेला.

परतीच्या गाडीत त्यांनी पुस्तिका काढून शिक्के मोजले. त्सुगिझाकुरा ते होश्शिनमोन या बसने गाळलेल्या भागातल्या चौकटी कोऱ्या होत्या. त्यांनी त्या बोटाने मोजल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजल्या.

"सहा राहिलेत," त्या मला म्हणाल्या. मग स्टेशनवर घ्यायला आलेल्या मुलाला, पिशवी त्याच्या हातात द्यायच्याही आधी, त्यांनी पुस्तिका उघडून दाखवली आणि विचारलं, "वसंतात इथे पाऊस किती असतो रे?"